मारुतीची तीन गावे

जालन्याच्या रेल्वे स्टेशनावर पिवळी पाटी आहे. तिच्यावर गावाच्या नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. लहानपणी ती वाचताना मला नेहमी हसू येई. समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! सुमारे पाचशे मीटर उंचीवर, नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत बसलेल्या माणसाने समुद्राची भीती बाळगावी, म्हणजे वाळवंटातल्या माणसाने छत्री विकत घेण्यासारखेच झाले!

पण गेल्या श्रावणात आमच्या शाळेतल्या वादविवाद स्पर्धेला विषय निघाला तो नेमका समुद्राचा. ‘समुद्र वाढत असता सखल बेटांवरील लोकांनी वेळीच देशांतर करावे.’ परीक्षक मी. मराठीचा मास्तर आणि वर कादंबऱ्या लिहिणारा, म्हणजे या माणसाला सगळे कळते, असा आमच्या मुख्याध्यापकांचा एक जुना गैरसमज आहे. माझी मुलगी आठवीत. ती देशांतराच्या बाजूने बोलणार होती. नातीचे भाषण ऐकायला माझे वडील, आमचे आबा, धुतलेले धोतर नेसून मागच्या रांगेत येऊन बसले होते.

आमच्या मुलांपैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. तरी पोरे तयारीने आली होती. पहिल्याच मुलाने सांगितले, की १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने चढली. हवा तापली, की हिमनद्या वितळतात. आणि पाणी स्वतःही तापून फुगते. “वीस सेंटिमीटर म्हणजे आपली पट्टीसुद्धा पुरी नाही,” असे म्हणून त्याने फूटपट्टी उंच धरली. मुले हसली. तोच म्हणाला, “पण मालदीवची बरीचशी जमीन समुद्रापासून एक मीटरदेखील वर नाही.” मग हसू थांबले. २००९ साली तिथले अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी भरवली होती, तेही त्याने रंगवून सांगितले.

विरोधी बाजूही कच्ची नव्हती. एक जण म्हणाला, “आपली मुंबई सात बेटांचीच होती. भर घालून एक केली. मालदीवनेसुद्धा भर घालून हुळुमाले नावाचे बेट उभे केले आहे. मग पळायचे कशाला?” दुसऱ्याने आणखी पुढची गोष्ट काढली. तुवालू या प्रशांत महासागरातल्या देशाची बेटे शास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या छायाचित्रांवरून मोजली. १९७१ ते २०१४ या काळात तिथली एकूण जमीन घटली नाही, उलट जवळजवळ तीन टक्के वाढली. लाटा प्रवाळाची वाळू आणून काठावर टाकतात. सभागृहात कुजबुज झाली. मलाही हे नवीन होते.

तेव्हा एक सडपातळ मुलगी उठली. तिच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. ती म्हणाली, “जमीन वाढली असेल, पण विहिरीचे काय? बेटाच्या पोटात पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. समुद्र चढला, लाट आत आली, की तो खारा होतो. बेट बुडायच्या आधी विहीर बुडते. पाणी नसले की काय होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.” या वाक्याला आमच्या सभागृहात जी टाळी पडली, तशी किनाऱ्यावरच्या शाळेतही पडली नसती. पहिले बक्षीस मी तिथेच मनात देऊन टाकले.

एका मुलाचा बाप जालन्याला सळयांच्या कारखान्यात भट्टीवर आहे. तो जरा रागानेच बोलला. “धूर आपल्या भट्ट्यांचाही आहे म्हणतात. मग भट्ट्या बंद करायच्या का? माझे वडील काय करतील? आणि ज्यांनी दीडशे वर्षे धूर केला, त्यांना कोण विचारणार?” याचे उत्तर कुणाजवळच नव्हते. २०२५ च्या जुलैमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे मत दिले, की हवामान राखणे ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे. वानुआतू या चिमुकल्या बेटदेशाने पुढाकार घेतला, म्हणून तो प्रश्न तिथवर पोचला. हे मी समारोपात सांगितले खरे. पण त्या मुलाचे तोंड काही उजळले नाही.

माझी मुलगी शेवटी बोलली. किरिबाती देशाने २०१४ साली फिजीमध्ये जमीन विकत घेऊन ठेवली. तुवालूच्या लोकांसाठी ऑस्ट्रेलियाने करार केला असून वर्षाला २८० जणांना तिथे राहायला येता येते. हे सगळे तिने घडाघडा म्हटले. आणि शेवटी हात उंचावून म्हणाली, “जमीन काय, दुसरीकडेही मिळते!”

मी मागच्या रांगेकडे पाहिले. आबा धोतराचा सोगा नीट करीत होते.

आबांचे गाव गोदाकाठचे. ते जायकवाडीच्या धरणात गेले. पैठणला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली त्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली ते पुरे झाले. नाथसागराखाली शंभराहून अधिक गावे गेली. त्यांतले एक आमचे. मोबदला मिळाला, त्यात आबांनी अंबड तालुक्यात जमीन घेतली. पुढे त्याच धरणाचा डावा कालवा आमच्या शिवारात आला आणि आमचा ऊस त्या पाण्यावर वाढला. माझे शिक्षण, माझी पुस्तके, सगळे त्याच पाण्याचे. म्हणून त्या पाण्याला दोष द्यायला माझी जीभ कधी वळली नाही. मी आजवर तीन कादंबऱ्या लिहिल्या. एकीतही ते गाव नाही.

गाव उठले तेव्हा त्याची तीन ठिकाणी पांगापांग झाली. पारावरच्या मारुतीचे काय करावे, यावर भांडण लागले. शेवटी एका जथ्याने मूर्ती नेली. दुसऱ्याने मूर्तीवरून निघालेले शेंदराचे कवच नेले. आणि तिसऱ्याच्या वाट्याला देवळाची पायरी आली. आज तिन्ही गावांत हनुमान जयंती होते, आणि आपलाच मारुती अस्सल, असे प्रत्येक गाव छातीठोकपणे सांगते.

२०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. आबा म्हणाले, “चल, गाव दिसतंय म्हणतात.” आम्ही गेलो. भेगाळलेला गाळ, मधूनमधून दगडांचे ढीग. मला सगळे सारखेच दिसत होते. आबा मात्र एका चौथऱ्यापाशी थांबले. त्याची एक पायरी नव्हती. त्या रिकाम्या जागेवरून त्यांनी देऊळ ओळखले! तिथून पावले मोजत ते निघाले आणि आमच्या घराच्या जागी जाऊन उभे राहिले. तिथे कुणीतरी गाळपेर केली होती, चाऱ्याची. आबांनी त्या शेतकऱ्याला एवढेच विचारले, “कडबा काय भाव देता?” परतताना ते गाडीत एक शब्दही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. मास्तर आणि कादंबरीकार असूनही विचारले नाही, हे आज कबूल करतो.

स्पर्धेनंतर आम्ही तिघे घरी निघालो. बक्षीस न मिळाल्यामुळे कन्या फुरंगटली होती. मध्येच थांबून तिने विचारले, “आबा, तुम्ही तर गेलात ना गाव सोडून? जमीन मिळाली ना?”

“मिळाली की, बाई.”

“मग?”

आबा थोडा वेळ चालत राहिले. “जमीन मिळाली. शेजार नाही मिळाला. आन् जावं का न जावं, हे आमाला कुणी इचारलंच नव्हतं. त्या बेटावाल्यांना निदान तुमी इचारताय.”

त्या रात्री मुलीने त्यांना आणखी एक बातमी सांगितली. जमीन बुडाली तरी देश राहावा, म्हणून तुवालू आपल्या बेटांची हुबेहूब नक्कल संगणकावर उतरवून ठेवीत आहे. आणि हेगच्या न्यायालयानेही म्हटले आहे, की जमीन गेली म्हणून राष्ट्र संपलेच असे होत नाही. आबा म्हणाले, “त्यात काय नवल? आमचा मारुती तीन गावांत हाय, पर गाव एकच.” मग त्यांनी जुने कॅलेंडर मागितले, पाठीमागची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीने गाव काढायला घेतले. नदी, पार, देऊळ, वेस, आमचे घर, सुताराचे घर. मुलगी नावे लिहीत होती. मी दारात उभा राहून पाहत होतो. माझ्या तिन्ही कादंबऱ्या मला त्या कागदापुढे फार पातळ वाटल्या.

वेशीपासच्या एका बोळात पेन्सिल अडली. लोहाराचे घर डावीकडे, की उजवीकडे? आबांनी पायरीवाल्या गावातल्या बालमित्राला फोन लावला. तो म्हणाला, डावीकडे. आबा म्हणाले, उजवीकडे. शेंदूरवाल्या गावाला विचारले, तर तिथल्या म्हाताऱ्याने तिसरेच घर सांगितले. आता रोज रात्री फोनवर भांडण चालते, आणि आबा इतके बोलताना मी आयुष्यात पाहिले नव्हते.

अखेर असे ठरले आहे, की पाडव्याला तिन्ही गावांतली म्हातारी मंडळी आमच्या घरी जमणार आणि लोहाराचा निकाल लावणार. या वेळी परीक्षक माझी मुलगी आहे. मी वही घेऊन कोपऱ्यात बसणार आहे. बायकोने मात्र चकलीची भाजणी दुपटीने दळून आणली आहे. ती म्हणते, इतक्या वर्षांचे भांडण एका दिवसात काही मिटायचे नाही.