काचेवरचा फ्लॅश

काचेच्या वस्तूचा फ्लॅश मारून काढलेला फोटो बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो. फोटोत काच येत नाही, काचेत उमटलेला फ्लॅश येतो. कागद, कापड, माती किंवा लाकूड यांच्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्यामुळे दिवा कुठेही ठेवला तरी वस्तू दिसते. स्वच्छ काच प्रकाश जवळजवळ विखुरतच नाही. थोडा परत फिरवते, उरलेला वाकवून पलीकडे जाऊ देते. काचेकडे पाहताना दिसतात त्या दोनच गोष्टी: पृष्ठभागावर उमटलेली आजूबाजूची प्रतिबिंबे आणि आरपार दिसणारे मागचे वेडेवाकडे दृश्य. म्हणून काच नीट उजळत नाही असे वाटून फ्लॅशचा जोर वाढवण्यात काहीच अर्थ नसतो.

नेहमीच्या सोडा-लाइम काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२ असतो. प्रकाश सरळ समोरून आला, तर हवा आणि काच यांच्या सीमेवर त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. तावदानाला पृष्ठभाग दोन, म्हणून हा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रकाश जितका तिरपा येईल तितके परावर्तन वाढते. स्तंभिकेशी ६० अंशांचा कोन असेल तर एका पृष्ठभागावरून ९ टक्के, ८० अंशांचा असेल तर ३९ टक्क्यांच्या जवळपास. गोल बाटलीचा मधला भाग मोकळा दिसतो आणि कडांशी प्रतिबिंबांची गर्दी होते, ती यामुळेच.

४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण फ्लॅशच्या बाबतीत ते भलतेच महाग पडतात. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशचे तोंड ७ बाय ४ सेंटिमीटरचे धरू आणि १ मीटरवर पांढरा कागद ठेवू. कागदावर आलेला प्रकाश सगळ्या दिशांना वाटला जातो, त्यामुळे कागदाची तेजस्विता फ्लॅशच्या तोंडाच्या तेजस्वितेच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी भरते. काचेतल्या प्रतिबिंबाची तेजस्विता मात्र त्या तोंडाच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा. भागाकार केला, की प्रतिबिंब शेजारच्या पांढऱ्या कागदापेक्षा सुमारे ५० पट तेजस्वी निघते. कॅमेऱ्याच्या भाषेत साडेपाच स्टॉप. सेन्सरवर तिथे तपशील नावाला उरत नाही. करपलेला पांढरा ठिपका तेवढा राहतो आणि नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी त्यातून काही परत मिळत नाही.

यावर सुचणारे पहिले दोन उपाय कुचकामी आहेत. फ्लॅशचा जोर कमी केला, तर कागद आणि ठिपका दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात. फ्लॅश दूर नेला, तर परिस्थिती बिघडतेच: २ मीटरवर कागदावरचा प्रकाश चौथाई होतो, पण प्रतिबिंबाची तेजस्विता अंतराने घटत नाही, ते फक्त लहान होते. एक्स्पोजर कागदाला धरून ठेवले, तर तोच ठिपका आता २०० पट तेजस्वी ठरतो. उपयोगी पडतो तो दिव्याचा आकार. ६० सेंटिमीटर चौरस सॉफ्टबॉक्स वस्तूपासून ६० सेंटिमीटरवर आणला, की त्याचे काचेतले प्रतिबिंब पांढऱ्या कागदाच्या तेजस्वितेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके राहते. काचेच्या अंगावरून फिरणारी मऊ, राखाडी झळाळी ती हीच. सॉफ्टबॉक्स नसेल तर फ्लॅश थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीवर किंवा छतावर मारायचा. मग काचेला दिसतो तो दिवा म्हणजे ती पाटी किंवा ते छत.

वक्र काचेत हे प्रतिबिंब कसे बसते, हे पाहायला कंदिलाची काच उत्तम. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होता. तसल्या एखाद्या जुन्या कंदिलाच्या फुगीर काचेवर थोड्या बाजूने छोटा फ्लॅश मारला, तर बारकाईने पाहिल्यावर एक नव्हे, चार ठिपके सापडतात. पुढच्या भिंतीचे बाहेरचे आणि आतले अंग बहिर्वक्र आरशासारखे वागते, मागच्या भिंतीची दोन अंगे अंतर्वक्र आरशासारखी. म्हणून पुढची जोडी सुलट असते, मागची उलट. फ्लॅश उजवीकडे सरकवला, की पुढचे ठिपके उजवीकडे जातात आणि मागचे डावीकडे. जोडीतले दोन ठिपके पातळ काचेत इतके खेटून असतात, की एकच वाटावेत. डोळ्यातही असेच चार ठिपके दिसतात. पारपटल आणि नेत्रभिंग यांच्या पृष्ठभागांवरची ही प्रतिबिंबे चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावाने ओळखली जातात. काचेचा फोटो दुरुस्त करणारा माणूस पुढची जोडी पुसतो आणि मागची विसरतो. तशी चित्रे जाहिरातींत अधूनमधून भेटतात.

बाटलीवरचा हायलाइट उभी रेघ होतो, त्याचेही गणित सोपे आहे. ८ सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीची वक्रता-त्रिज्या ४ सेंटिमीटर, म्हणजे आरसा म्हणून तिचे नाभीय अंतर २ सेंटिमीटर. १ मीटरवरचा ७ सेंटिमीटर रुंद फ्लॅश तिच्यात जेमतेम दीड मिलिमीटर रुंद दिसतो. उभ्या दिशेने बाटली सपाट असल्याने त्या दिशेने असे आकुंचन होत नाही. परिणामी केसासारखी बारीक, डोळ्यांत खुपणारी चीर. त्याच बाटलीपाशी वर सांगितलेला सॉफ्टबॉक्स ठेवला, तर पट्टी दोनेक सेंटिमीटर रुंद होते. पट्टीची कड धारदार हवी की विरघळती, हे ठरवायला सॉफ्टबॉक्स आणि बाटली यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणतात. कागदाच्या मध्यभागी प्रकाश जास्त आणि कडेला कमी पडला, की पट्टीही तशीच विरत जाते. महागड्या अत्तराच्या बाटल्यांवरची ती श्रीमंत चमक बऱ्याचदा या स्वस्त कागदाची कमाई असते.

सपाट काचेचा, म्हणजे तसबिरीचा किंवा काचपेटीचा, मामला वेगळा आणि थोडक्यात आटोपणारा आहे. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे, एवढे पुरते. लेन्सच्या जागी टॉर्च धरून काचेवर फिरवावा. परतलेला उजेड भिंतीवर जिथे जिथे पडतो, तिथे तिथे फ्लॅश ठेवायचा नाही. पोलरायझर इथे कामाला येतो, पण सरसकट नाही. काचेवरून परतणारा प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो तो स्तंभिकेशी सुमारे ५६ अंशांवर. समोरासमोरच्या प्रतिबिंबावर एकट्या पोलरायझरचा काही परिणाम होत नाही. फ्लॅशवर पोलरायझरची फिल्म लावून लेन्सवरचा पोलरायझर तिच्याशी काटकोनात फिरवला, तर मात्र कुठल्याही कोनातली झळाळी नाहीशी होते. चित्राच्या तसबिरीला हे वरदान, नुसत्या काचेच्या पेल्याला शाप; झळाळीच गेली तर पेला ओळखायचा कशावरून? याच मांडणीत काच मागून उजळली, तर घाईने थंड झालेल्या किंवा टफन केलेल्या काचेतले ताण रंगीत पट्ट्यांनी दिसू लागतात. ताण दिलेल्या काचेचा हा गुण डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५च्या सुमारास दाखवला होता. ५६ अंशांचा तो कोनही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

काचेचा आकार दाखवायचा तर कडा दिसायला हव्यात, आणि त्यासाठी फ्लॅश वस्तूवर न मारता मागच्या पडद्यावर मारतात. पहिल्या रीतीत मागे उजळलेला पांढरा पडदा असतो, पण तो फ्रेमपुरताच. त्यापलीकडे सगळे काळे. पेल्याच्या मधून पडदा सरळ दिसतो. कडांशी मात्र काच प्रकाशाला इतकी वाकवते, की तिथे पडद्याबाहेरचा काळोख येऊन बसतो. पांढऱ्यावर काळ्या रेषेने काढल्यासारखा पेला मिळतो. दुसरी रीत नेमकी उलट. मोठ्या उजळ पडद्यासमोर फ्रेमइतकाच काळा कार्डशीट लावला, की मध्यभाग काळा राहतो आणि कडा उजळतात. दुसरी रीत दिसायला अधिक देखणी, पण निर्दय: काचेवरचा प्रत्येक धूलिकण आणि बोटाचा ठसा चमकून उठतो. हातमोजे घालून पेला पुसायला लागणारा वेळ फोटोला लागणाऱ्या वेळापेक्षा सहज जास्त होतो.

पेला भरला, की तो भिंग होतो आणि मागचे दृश्य डावे-उजवे उलटून दाखवतो. कोकम सरबताचा गडद लाल रंग समोरच्या फ्लॅशने काळपट येतो, कारण तो रंग सरबतातून पार झालेल्या प्रकाशाचा असतो. त्यासाठी पेल्याच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, पेल्याच्याच आकाराचा पांढरा किंवा सोनेरी कागद कापून लावतात आणि फ्लॅश त्यावर मारतात. हिरव्या बांगड्यांचेही तसेच. पृष्ठभागावरची चमक काचेचा रंग घेत नाही, ती फ्लॅशइतकीच पांढरी असते. हिरवेपण मागून आलेल्या प्रकाशातच दिसते.

छोट्या, उघड्या फ्लॅशची एवढी निंदा केल्यावर त्याचे गुणही सांगायला हवेत. पैलू पाडलेली काच आणि झुंबराचे लोलक यांना तोच लागतो. पैलूंची लखलख आणि रंगांचे तुकडे लहान दिव्यानेच उठतात. सॉफ्टबॉक्सखाली महागडे क्रिस्टल साध्या काचेसारखे मठ्ठ दिसते. पाण्याच्या पेल्याच्या सावलीत टेबलावर पडणाऱ्या तेजस्वी वक्र रेषाही बिंदूसारख्या दिव्याला धारदार येतात आणि मोठ्या दिव्याला पुसट.

फुटणारी काच हा फ्लॅशचा स्वतंत्र प्रांत आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’मध्ये (१८४४–४६) काचेच्या वस्तूंचे एक छायाचित्र आहे. याच टॅल्बट यांनी १८५१मध्ये विजेच्या ठिणगीच्या उजेडात फिरत्या चाकावरच्या छापील कागदाचा फोटो काढून दाखवला. पुढे एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी झेनॉन फ्लॅश आणि अतिवेगवान छायाचित्रण यांचा मेळ घातला आणि काचेच्या भंगण्याचाही अभ्यास केला. सोडा-लाइम काचेतली चीर सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने धावते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश किमान जोरावर सेकंदाच्या वीस हजाराव्या भागापुरता पेटतो. तेवढ्यात चीर साडेसात सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणून तिचे टोक या फ्लॅशने पकडता येत नाही. त्याला मायक्रोसेकंदभराची ठिणगी लागते. उडणारे तुकडे मात्र सापडतात: सेकंदाला १० मीटर वेगाचा तुकडा त्या काळात अर्धा मिलिमीटरच हलतो. या फ्लॅशचा जोर वाढवला, की पेटण्याचा काळही लांबतो. स्टुडिओतल्या जुन्या धाटणीच्या मोठ्या दिव्यांत बहुधा उलटे असते, आणि ते न कळल्यामुळे फुटलेले पेले वाया जातात. खोली अंधारी करून शटर उघडे ठेवतात आणि फुटण्याच्या आवाजावर मायक्रोफोनमार्फत फ्लॅश उडवतात. आवाजाला ३४ सेंटिमीटर अंतर कापायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. क्षण थोडा उशिराचा हवा असेल, तर मायक्रोफोन तेवढा मागे सरकवायचा. डोळ्यांवर चष्मा मात्र आधी चढवायचा.