ठंडे केलेले कागद

आमच्या सोलापुरात जुन्या कागदाला घराबाहेर पडायला दोन वाटा असतात. मराठी वर्तमानपत्र असेल तर ते रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते. उर्दू असेल तर शक्यतो कोणी ते रद्दीत घालत नाही. त्यावर अल्लाहचे नाव असेल, एखादी आयत छापलेली असेल, उद्या त्याचा पुडा बांधला जाईल, पायाखाली येईल, अशी भीती असते. मग ते पोत्यात साठवले जाते आणि एक दिवस विहिरीत किंवा नदीत ‘ठंडे’ केले जाते. पहिली वाट बेफिकिरीची आहे, दुसरी अदबीची. शहराच्या इतिहासापुरते बोलायचे तर दोन्हींचा शेवट सारखाच.

अदब सोडा असे मी म्हणत नाही. कुरआनची जीर्ण पाने सन्मानाने दफन करावीत किंवा ठंडी करावीत, हे मलाही मान्य आहे. पण त्याच पोत्यात आणखी काय जाते, हे एकदा उघडून पाहा. निकाहचे रुक्के, मुशायऱ्यांची निमंत्रणे, मदरशाच्या जलशाची पत्रके, मोहल्ल्यातल्या वर्गणीच्या पावत्या, कातिबाच्या हाताने लिहून छापलेले जुने अखबार. यात आपल्या मोहल्ल्याची साठ-सत्तर वर्षे असतात. आपण ती आदराने बुडवतो आणि नंतर सभेत विचारतो की, या शहराच्या इतिहासात आमचे नाव का नाही?

सोलापूरच्या बाबतीत हा प्रश्न साधा नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चार पुतळ्यापाशी आपण रोज सिग्नलला थांबतो. त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे वर्तमानपत्रवाले होते, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत. पुतळ्याला आपण हार घालतो. पण त्या माणसाने काय लिहिले, कोणत्या भाषेत समजावले, कोणावर टीका केली, हे पुतळा सांगत नाही. ते फक्त त्याच्या पत्राचा कागद सांगू शकतो. ‘गझनफर’चा अंक आपल्यापैकी कितीजणांनी हातात धरला आहे?

गंमत अशी की, त्या काळातले पुष्कळ मजकूर आपल्यामुळे नव्हे, तर इंग्रज सरकारमुळे शिल्लक आहेत. मुंबई इलाख्यातल्या मराठी, गुजराती, उर्दू पत्रांवर सरकारची नजर असे. त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होई आणि अधिकाऱ्यांपुढे जाई. ते अहवाल आज अभिलेखागारांत आहेत. आपल्या सोलापूरच्या ‘कल्पतरू’सारख्या पत्रांचे उतारेही त्यांत सापडतात. ज्यांना आपल्यावर पाळत ठेवायची होती, त्यांनी आपले शब्द जपले. पण त्यांनी जपले ते त्यांना धोक्याचे वाटले तेवढेच. मोहरमचा ताबूत कोणत्या पेठेतून गेला, कोणाच्या मुलाने मॅट्रिकला नंबर काढला, कोणी विहीर खोदून दिली, या बातम्यांत सरकारला रस नव्हता. त्या जपणे आपले काम होते.

फोटोंची गोष्ट थोडी वेगळी. नमाज पढायच्या खोलीत तसवीर नको, म्हणून आपल्या पुष्कळ घरांत फोटो भिंतीवर लागलेच नाहीत. ते ट्रंकेत राहिले. एका अर्थाने बरे झाले, उन्हाने उडाले नाहीत. पण भिंतीवरचा फोटो पाहुण्याला दाखवला जातो, त्यातली माणसे नावानिशी सांगितली जातात. ट्रंकेतला फोटो मुका होतो. दोन पिढ्यांनी त्यातला माणूस कोण, हे सांगायला कोणी उरत नाही.

शाळेत मी मुलांना घरातला सर्वांत जुना फोटो आणायला सांगतो. एका मुलीने पणजोबांचा फोटो आणला होता. मिलच्या गेटसमोर नऊ कामगार उभे. घरात कोणालाही उर्दू वाचता येत नव्हते, त्यामुळे मागे पेन्सिलीने काहीतरी ‘अरबी’ लिहिले आहे असे ती म्हणाली. ती उर्दूच होती. नऊ नावे होती आणि खाली हिजरी सन १३६८. म्हणजे नोव्हेंबर १९४८ ते ऑक्टोबर १९४९ या दरम्यानचा फोटो. नावांवरून पाहता मोमीन दोन, पद्मशाली चार, बाकीचे मराठी. पणजोबांनी शेजाऱ्यांची तेलुगू आडनावे उर्दूत नीट बसवून लिहिली होती.

आता त्या सनाकडे पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. निजामाच्या राज्याची हद्द सोलापूरच्या दाराशी होती. त्या दिवसांतली वर्तमानपत्रे काढली तर भीती, अफवा, निर्वासित यांनीच पाने भरलेली दिसतील. ते सारे खरे होते. पण त्यानंतरच्या त्याच वर्षात हे नऊजण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, हेही खरे आहे. एका फोटोवरून सगळे शहर सलोख्यात नांदत होते असा निष्कर्ष काढू नये. मात्र हा फोटो नसता तर दुसरी बाजू कोणी मांडलीच नसती. शिवाय त्या चार पद्मशाली घरांतल्या आजच्या मुलांना आपल्या आजोबांचे नाव एका मोमीनाच्या हस्ताक्षरात आहे, हे कसे कळणार? लिपीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचाही इतिहास अडकलेला असतो. म्हणून दोन्ही लिप्या वाचणाऱ्यांवर जबाबदारी जास्त आहे.

काम अवघड नाही. फोटोला किंवा अखबाराला लॅमिनेशन करू नका, त्यातून तो परत सुटत नाही. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी डाग पाडतो. फोटोमागे बॉलपेनने नव्हे, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. नावे उर्दूत असतील तर तीच देवनागरीतही लिहा. वर्तमानपत्राचा कागद लगद्यापासून स्वस्तात बनवलेला असतो, तो उजेडाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. तो सपाट, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. मोबाईलने फोटो काढताना कात्रण नव्हे, पूर्ण पान घ्या. पत्राचे नाव, तारीख आणि शेजारची जाहिरात हेच पुढे पुरावे होतात. हिजरी तारीख असेल तर ती तशीच नोंदवा आणि बाजूला इसवी सन लिहा.

रमजानच्या आधी घरोघरी झाडलोट होते, तेव्हाच ही पोती भरली जातात. या वेळी पोते बांधण्याआधी ते एकदा जमिनीवर रिकामे करा. कुरआन-हदीसचे कागद वेगळे काढा, त्यांचा सन्मान ठरल्याप्रमाणे होऊ द्या. उरलेल्या ढिगाशेजारी घरातल्या उर्दू वाचणाऱ्या दादीला बसवा, आणि ती काय वाचते ते नातवाला मराठीत लिहून घ्यायला सांगा.