बारापैकी नऊ

संपादकांचा निरोप आला, ‘आकड्यांच्या गमतीजमतींवर वाचकांना झेपेल असं काहीतरी लिहा.’ मी संख्याशास्त्र शिकवतो. घर कारंजा तालुक्यातल्या धनजला. गमती पुष्कळ आहेत, पण यंदा त्या लिहाव्याशा वाटत नाहीत. पां. वा. सुखात्म्यांनी ज्या शास्त्राच्या बळावर देशभरच्या पिकांचा अंदाज घेण्याची पद्धत बसवली, ते शास्त्र मी शिकवतो म्हटलं की आमच्या भागात लोक आवाज खाली आणून विचारतात, ‘सर, आज कोणता आकडा येईल?’ याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही.

आकड्याचं हे वेड जुनं आहे. १९६०च्या सुमारास मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर पैसा लागत असे. ते भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. दोन अंकांच्या जोड्या शंभर, आणि जोडी लागली तर रुपयाला साधारण नव्वद. दहा रुपये कुठे गेले ते चौथीतलं पोरही सांगेल. तरी लोक जुन्या आकड्यांचे चार्ट जपून ठेवतात आणि त्यांत ‘लाइन’ शोधतात.

आता चार्टची जागा मोबाईलने घेतली. गेल्या आयपीएलच्या वेळी गावातला एक मुलगा आला. वडिलांची सोयाबीनची शेती, स्वतः पदवीधर. टेलिग्रामवरच्या एका ‘एक्स्पर्ट’ला तो दरमहा पैसे भरत होता, कोणता संघ जिंकणार ते त्याला आधी कळत होतं. ‘सर, बारापैकी नऊ बरोबर आले. म्या सोताच मोजले. मंग हे कसं काय?’ तो खोटं बोलत नव्हता. मीही मोजले. नऊच होते.

ही गोष्ट मला अजून सतावते. टीप विकणारा लबाड असतो, रेकॉर्ड बनावट असतं, चुकलेले संदेश पुसलेले असतात, असं सांगणं सोपं आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण रेकॉर्ड खरं असेल तर?

नाणं बारा वेळा उडवलं तर नऊ किंवा जास्त वेळा छापा पडण्याच्या रीती ४,०९६ पैकी २९९, म्हणजे सात टक्क्यांहून थोड्या अधिक. क्रिकेटमधलं काहीही न कळणारी शंभर माणसं टिपा द्यायला बसली तर त्यांतल्या सातांकडे असं रेकॉर्ड आपोआप तयार होईल. उरलेल्या त्र्याण्णवांची जाहिरात तुम्हाला दिसत नाही. किंवा माणूस एकच असेल आणि गिऱ्हाइकं १,०२४. निम्म्यांना एक संघ सांगायचा, निम्म्यांना दुसरा. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं. सात सामन्यांनंतर आठ जण उरतात, आणि या आठांनी सलग सात टिपा खऱ्या झालेल्या पाहिलेल्या असतात. ब्रिटनमध्ये डेरेन ब्राउन या जादूगाराने २००८मध्ये टीव्हीवर हेच करून दाखवलं: घोड्यांच्या शर्यती, सुरुवातीला ७,७७६ माणसं, आणि अखेरीस एक बाई, जिला पाचही विजेते घोडे आधी कळले होते.

शिवाय सट्ट्याचा भाव? टीप विकणारा तो सांगतच नाही. दोन्ही संघ तुल्यबळ कधी असतात? सट्ट्यात ज्याचं पारडं जड त्याच संघावर बोट ठेवलं तर नऊ बरोबर येणं आणखी सोपं, पण हाती पडणारा पैसा तितकाच कमी. समजा, सामना बरोबरीचा आहे आणि बुकी रुपयाला नव्वद पैसे देतो. तर नुसतं फिटंफाट व्हायला शंभरातले ५२.६ अंदाज बरोबर यायला हवेत. एखाद्याचे खरोखरच ५५ बरोबर येतात असं धरू. तो मोठाच जाणकार. पण हे नशीब नव्हे, हे जरा खात्रीने म्हणायला सुमारे १,८०० सामन्यांचा हिशेब लागतो. (फरक लहान असला की नमुना त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढवावा लागतो, वाचकांनी हे वाक्य सोडून पुढे गेलं तरी चालेल.) २०२५च्या आयपीएल हंगामात ७४ सामने होते. म्हणजे चोवीस हंगाम. ही स्पर्धा सुरूच झाली २००८मध्ये!

एका गैरसमजाशी तर मी उभा जन्म भांडतो आहे. २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून २०२५च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यापर्यंत भारताने एकदिवसीय सामन्यांत सलग १५ वेळा नाणेफेक गमावली. पानठेल्यावर प्रत्येक वेळी तेच: ‘आता तरी टॉस आपलाच.’ सुशिक्षितही म्हणतात, सर, सरासरीचा नियम. असा नियम नाही. सलग पंधरा वेळा हरण्याची शक्यता ३२,७६८मध्ये एक, हे खरं. पण चौदा वेळा हरून झाल्यावर पंधराव्याची शक्यता पुन्हा निम्मीच. नाण्याला मागचं आठवत नाही. दीर्घ काळात प्रमाण निम्म्याकडे सरकतं ते मागची हार भरून निघते म्हणून नव्हे. पुढच्या हजारो फेकींपुढे त्या पंधरा नगण्य होतात म्हणून. हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. परीक्षेत मुलं अचूक लिहितात आणि बाहेर जाऊन टॉसवर पैसे लावतात.

तर मग भाकीत करणारा खरा जाणकार नसतोच का? असतो. हाँगकाँगच्या घोडशर्यतींत बिल बेंटरने संख्याशास्त्राचं प्रारूप बांधून अफाट कमाई केली. आमच्याच शास्त्राचं ते बळ, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती कमाई त्याने स्वतःचा पैसा लावून केली. इथे टीप देणारा बरेचदा सट्ट्याची ‘आयडी’ही तोच मिळवून देतो, आणि अशा व्यवहारात गिऱ्हाइकाच्या हरण्यातला वाटा दलालाला मिळण्याची रीत जगभर आहे. तुम्ही हरलात तर त्याचं काय बिघडतं?

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. चांगलं झालं. पण त्या मुलाच्या ‘हे कसं काय?’ला कायद्याकडे उत्तर नाही. माझ्या उत्तराने त्याचं समाधान झालं असं मला वाटत नाही. त्याने नऊ बरोबर आलेले डोळ्यांनी पाहिले होते, माझे ते त्र्याण्णव त्याला कुठेच दिसत नव्हते.

ज्याला अजून शंका असेल त्याने पैसे न लावता एवढं करावं: सामन्याआधी टीप, तारीख आणि भाव वहीत लिहायचा, चुकलेली एकही खोडायची नाही. दोन हंगामांनी वही घेऊन या. रविवारी मी धनजला असतो. हिशेब करून देईन.