पुलाअलीकडच्या बाई

टेक्ससच्या अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या हद्दीपासून गाडीने अर्ध्या तासावर एडिनबर्ग नावाचं गाव आहे. स्कॉटलंडचं नव्हे, हे दुसरं. माझ्या नवऱ्याला तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि त्याच्या व्हिसावर मीही गेले. त्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. गाडी चालवता येत नव्हती, आणि गाडीवाचून त्या मुलखात दूधसुद्धा आणता येत नाही. खानापूर तालुक्यातल्या गजबजलेल्या घरातून गेलेली मी, दिवसभर खिडकीतून समोरची ताडाची झाडं बघत बसायची. त्या दिवसांत शेजारच्या बाईंनी मला घराबाहेर काढलं. त्यांचं माझ्यावर ऋण आहे.

त्या निवृत्त शिक्षिका, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायची. त्या मला ‘मिहा’ म्हणायच्या, म्हणजे पोरी. वसंतात एके सकाळी त्यांनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, “चल, गाडीत बस. युनिव्हर्सिटीत जत्रा आहे, माझ्या टेबलावर माणूस कमी पडतंय.” मी विद्यापीठाची कुणी नव्हते, आणि बाईही नव्हत्या. पण जत्रेला जायला कुणी असावं लागत नाही, हे त्यांचं पक्कं मत होतं.

पॅन अमेरिकन विद्यापीठाचा तो उत्सव. आंतरराष्ट्रीय ग्रंथ आणि कलांचा उत्सव असं लांबलचक नाव, पण सगळे ‘फेस्टिबा’ म्हणत. (हे विद्यापीठ 2015 मध्ये ब्राउन्सव्हिलच्या विद्यापीठाशी एकत्र होऊन नव्या नावाचं झालं.) भाषणं होती, प्रायोजकांचे फलक होते, ते आपल्याकडेही असतात. पण आवारात शिरल्या शिरल्या कानावर आलं ते विद्यार्थ्यांचं मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताचं पथक, ‘आस्त्लान’. चांदीच्या गुंड्यांचे काळे पोशाख, व्हायोलिनं, ट्रम्पेट, आणि पोटाशी धरलेली ती जाडजूड गितारोन. ही मुलं संगीतात पदवी घेत होती. घराघरांत, लग्नांत वाजणारं संगीत विद्यापीठाने वर्गात आणलं होतं, आणि त्याला मार्क होते! पुढे अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो नावाची गिटार यांची जोडी. अकॉर्डियन आणि पोल्काचा ठेका टेक्ससमध्ये आणला जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांनी. तो उचलून मेक्सिकन शेतमजुरांनी स्वतःचं ‘कोनहुंतो’ संगीत घडवलं. त्याचा जनक मानला जाणारा नार्सिसो मार्तीनेस जन्मला सीमेवरच्या नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या रेनोसात आणि वाढला अलीकडे. ज्या वाद्याने त्यांची ओळख सांगितली जाते, ते मुळात परक्यांचं.

बाईंचं टेबल मुलांच्या पुस्तकांचं होतं. त्या एक पान इंग्रजीतून वाचत, पुढचं स्पॅनिशमधून, आणि मधेच थांबून मुलांना विचारत, आता पुढे काय होईल? मुलं ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत ओरडत. वाचून झालं की मूल आवडेल ते पुस्तक घरी नेई. माझं काम पुस्तकं लावण्याचं आणि दुपारी तामालेस वाटण्याचं. मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेला तो पदार्थ सोलताना मला आजीच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या, आणि तिथे पोचल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

परत येताना बाईंनी सहज सांगितलं, की त्यांच्या लहानपणी शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोललं तर लाकडी फळीने मार बसायचा. त्या काळात दक्षिण टेक्ससभर ही रीत होती. “तुम्ही मग त्याच शाळांत शिकवलंत कसं?” मी विचारलं. म्हणाल्या, “फळी माझ्या हातात आली ना! मी ती दाराला पाचर म्हणून लावली.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक पुस्तक हातात ठेवलं. ग्लोरिया आन्साल्दुआचं ‘बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा’, 1987 चं. अर्धं इंग्रजी, मधेच स्पॅनिश, मधेच कविता. आन्साल्दुआ त्याच नदीच्या खोऱ्यातली, 1942 साली जन्मलेली. शेतमजुरी करत शिकली आणि 1969 मध्ये याच पॅन अमेरिकनची पदवीधर झाली. तिने लिहून ठेवलंय, की त्या काळी मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांना तिथे उच्चारशास्त्राचे दोन वर्ग सक्तीचे होते, त्यांचे हेल जावेत म्हणून. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. ज्या विद्यापीठाने हेल खोडायला वर्ग काढले, तेच आता दोन्ही भाषांचा आठवडाभर उत्सव करत होतं. मधल्या चाळीस वर्षांत हे आपोआप घडलेलं नाही. आन्साल्दुआने लिहिलं, ब्राउन्सव्हिलच्या आमेरिको पारेदेसने 1958 मध्ये सीमेवरच्या एका पोवाड्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, मर्सिडीझच्या रोलांदो इनोहोसाने खोऱ्यातल्या एका काल्पनिक परगण्यावर कादंबऱ्यांची माळ रचली. आणि बाईंसारख्या, ज्यांचं नाव कुठल्याच ग्रंथात नाही, अशा शिक्षिकांनी मुलांचे कान तयार केले.

आमच्या घरी सीमा म्हणजे 1956. बेळगाव आणि भोवतालचा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हापासूनची. तो गेला त्या एक नोव्हेंबरला दरवर्षी चूल न पेटवणारं घर आमचं. त्यामुळे सीमा म्हटली की मला फिर्याद आठवायची, दुसरं काही नाही. तिथली सीमा आमच्याहून कितीतरी कठोर. 1848 च्या तहाने नदीची हद्द झाली. आज पुलावर पासपोर्ट, आणि उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर पुन्हा तपासणी नाका. मी होते त्या वर्षांत रेनोसात टोळ्यांची युद्धं पेटली होती. बाईंची सख्खी बहीण पुलापलीकडे राहायची. दर रविवारी जाणाऱ्या बाई जायच्या थांबल्या होत्या. तरी त्यांच्या टेबलावर दोन्ही भाषांची पुस्तकं शेजारी शेजारीच असत. फिर्याद असलेलं माणूस यजमानही होऊ शकतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. इतकं मोठं काही मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आता आम्ही परत गावी आहोत. बाई गेल्या; त्यांच्या लेकीने कळवलं. सीमाभागात थंडीच्या दिवसांत रविवारी गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात: कडोली, येळ्ळूर, उचगाव. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, कथाकथन, जेवण, कविसंमेलन. आमच्याही गावचं भरतं. त्यात मी मुलांचं एक टेबल मागितलं, मराठी आणि कानडी दोन्ही पुस्तकांचं. बैठकीत गदारोळ झाला. कानडी सक्तीविरुद्ध भांडणाऱ्या गावाने कानडी पुस्तकं वाटायची? मी म्हटलं, सक्तीविरुद्ध मीही मोर्चात चालते. पण आमच्या गल्लीतली निम्मी पोरं कानडी शाळेत शिकतात. त्यांनी गोष्ट मागितली तर काय सांगायचं? शेवटी एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने, ज्यांनी सीमालढ्याच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिलाय, “पोरांचं टेबल आहे, असू दे” म्हणून विषय संपवला. टेबल मांडवाच्या डाव्या अंगाला, चपला काढतात तिथे मिळालं. जागा वाईट नाही. प्रत्येक मूल तिथूनच आत जातं.

यंदाही ते लागणार आहे. येणार असाल तर घरातली मुलांची पुस्तकं घेऊन या. मराठी आणा, कानडी आणा, चित्रांची असली तर फारच बरं. शाळेची गाईडं मात्र नकोत. मागच्या खेपेला दोन पोती आली होती.