चित्राचा दाम

तुरुंगात जन्मलेल्या साहित्याची थोरवी मराठी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. विनोबांची गीता-प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगात झाली, 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. याच संस्कारात वाढल्यामुळे माझं मत ठाम होतं : तुरुंगातल्या कलेचा मान राजकैद्यांचा. खुनाच्या गुन्ह्यात आत गेलेल्याने चित्रं काढली तर चांगलंच, मन रमेल. पण पैसे मोजून ती घरात लावावीत, हे मला पटत नसे. ज्यांचं माणूस गेलं त्यांना काय वाटेल, हा प्रश्न मी विचारत असे. तो मी आजही सोडलेला नाही. मत मात्र बदललं, आणि त्याला कारण झाला केव्हिन गिल्बर्ट.

गिल्बर्ट ऑस्ट्रेलियातल्या विराजुरी या आदिवासी समाजाचा. जन्म १९३३ चा. सातव्या वर्षी पोरका झाला, शाळा पाचवीपर्यंत. १९५७ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली आणि चौदा वर्षं तो आत राहिला. राजकैदी तो नव्हताच. आत असतानाच तो वाचू लागला, 'द चेरी पिकर्स' हे नाटक लिहिलं आणि लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेली चित्रं, करू लागला. सामान कुठलं मिळणार? तुरुंगाच्या जमिनीवरचं जुनं, ठिसूळ झालेलं लिनोलियम त्याने घेतलं. चमचा, काटा, खिळे यांच्याच कोरण्या केल्या. कागदावर ठसा उठवायला चमच्याची पाठ. लिनोवर हात एकदा निसटला की रेघ परत भरून काढता येत नाही, आणि माल ठिसूळ असेल तर कडच तुटून येते. इतकी मेहनत नुसता वेळ घालवण्यासाठी कुणी करत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुद्राचित्रांच्या इतिहासात आज त्याचं नाव अगदी सुरुवातीला येतं.

त्याची पत्नी मी विसरत नाही. कुणीच विसरू नये. पण शिक्षा कोर्टाने दिली आणि ती त्याने भोगली. त्याच्या कामाला दाम नाकारून वर आणखी एक शिक्षा देण्याचा अधिकार मला कुणी दिला?

शिवाय राजकैदी आणि साधा कैदी अशी माझी सरळ वाटणी तिथे लागूच पडेना. ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत आदिवासी शंभरात चारसुद्धा नाहीत. तुरुंगात मात्र दर तिघांत साधारण एक आदिवासी. कोठडीतल्या ९९ आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १९९१ मध्ये आला. त्या ९९ पैकी ४३ जणांना लहानपणीच आईबापांपासून तोडलेलं होतं. सरकारी धोरणाने पोरं उचलून नेली, आणि तीच पुढे कोठडीत मेली. ही माणसं साधे गुन्हेगार आणि त्यात राजकारण काही नाही, असं कसं म्हणायचं? जन्मावरून जमाती गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा आणि त्या जमातींना डांबणारी सोलापूरची सेटलमेंट ठाऊक असलेल्या आपल्याला हे कळायला जड जाऊ नये.

व्हिक्टोरिया राज्यातली 'द टॉर्च' ही संस्था २०११ पासून आदिवासी कैद्यांबरोबर काम करते; तुरुंगात, आणि सुटल्यानंतरही. तिथे रंग हातात देऊन थांबत नाहीत. तू कुठल्या लोकांचा, तुझी भूमी कोणती, तुझं कुलचिन्ह कोणतं, याचा शोध कैद्याबरोबर बसून घेतला जातो. घरापासून तोडलेल्यांच्या लेकरा-नातवंडांना हे सांगणारं घरात कुणी उरलेलं नसतं. आधी तिथल्या कैद्याला आपलं चित्र विकण्याची मुभा नव्हती. संस्थेने पाठपुरावा करून नियम बदलून घेतला. आता विक्रीची पूर्ण रक्कम चित्रकाराची. संस्था त्यातून एक पैसाही कापत नाही. मला सगळ्यात पटलं ते हेच. कौतुक फुकट असतं. रिकाम्या खिशाने बाहेर पडलेल्या माणसाला घरभाडं द्यायला कौतुक उपयोगी पडत नाही.

'कन्फाइन्ड' हे त्यांचं प्रदर्शन मेलबर्नमध्ये भरत आलं आहे. त्या शहरात आता मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे : मुलांना घेऊन जा, चित्राशेजारी चित्रकाराने स्वतःबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा, आणि एखादं आवडलं तर घासाघीस न करता विकत घ्या.