ताईचा संगणक मुका झाला

माझी ताई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला लहानपणापासून दिसत नाही. तरी ती रोज संगणकावर बसते, नोट्स लिहिते, मैत्रिणींची पत्रे वाचते. घरी आलेले पाहुणे विचारतात, "दिसत नाही, तर पोरगी हे चालवते कसं?" त्याचे उत्तर असे की, ताई संगणक कानांनी वाचते.

तिच्या संगणकात एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम आहे. पडद्यावर जे लिहिलेले असते ते तो बोलून दाखवतो. मराठीही बोलतो, पण जरा यंत्रासारखे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली तो करायला घेतला. पुढे त्यांचे मित्र जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. या दोघांनाही दिसत नाही. हा प्रोग्राम फुकट मिळतो. ताई माउसला हात लावत नाही. तिचे सारे काम की-बोर्डवर चालते.

ताईची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. संगणक फार हळू चालायला लागला म्हणून बाबांनी तो तालुक्याला एका दुकानात नेला. दुकानदारांनी जुने पुसून विंडोज पुन्हा भरली. याला फॉरमॅट मारणे म्हणतात. ताईच्या नोट्स वेगळ्या ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. संगणक चादरीत गुंडाळून घरी आला. बटण दाबले. पडदा लख्ख उजळला, पण आवाज काही येईना.

बाबांनी दुकानात फोन लावला. तिकडून उत्तर आले, "चित्र दिसतंय ना? मग चालू आहे की! आवाजाचं पुढच्या आठवड्यात बघू."

चित्र आम्हाला दिसत होते. ताईला त्याचा काय उपयोग? आपला संगणक मुका झाला तर आपली गाणी बंद होतात. ताईचा मुका झाला की तिच्यासमोर अंधारच. दोन दिवस आईने तिला नोट्स वाचून दाखवल्या. आईला शेतातून यायला संध्याकाळ व्हायची. मैत्रिणीचे पत्र आले तेही बाबांनीच वाचले. ताई काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "माझं पत्र मला एकटीला वाचता आलं पाहिजे रे. उद्या आपण दोघं बघू. डोळे तुझे, डोकं माझं."

आजी म्हणाली, "आरं, दुकानदाराला जमंना ते तुमाला काय जमतंय!" पण आम्ही सकाळीच बसलो.

ताई म्हणाली, "एका वेळी एकच गोष्ट तपासायची. आधी बाहेरचं, मग आतलं." स्पीकरचा दिवा लागलेला होता. आवाजाचे बटणही पूर्ण फिरवलेले होते. मग स्पीकरची पिन काढून बाबांच्या जुन्या मोबाइलला लावली. गाणे खणखणीत वाजले! म्हणजे स्पीकर चांगला, वायर चांगली. ताईने संगणकाच्या मागे हात घालून बोटाने भोके मोजली. आमच्याकडे तीन भोके एकाखाली एक आहेत. निळे वर, हिरवे मध्ये, गुलाबी खाली. हिरवे स्पीकरचे आणि गुलाबी माइकचे असते. ताईला रंग दिसत नाही, पण मधले भोक तिला बरोबर सापडते. पिन घातली, तरी आवाज नाही. म्हणजे दोष आत होता.

ताई म्हणाली, "विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाब. सोड. आता एम." डिव्हाइस मॅनेजर उघडला. त्यात संगणकाच्या सगळ्या भागांची यादी असते. मी एकेक ओळ वाचत गेलो. एका ठिकाणी मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर असे लिहिले होते आणि शेजारी पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह. ताईने टाळी वाजवली. "सापडलं! ड्रायव्हर नाही त्याचा."

ड्रायव्हर म्हटले की आपल्याला एस.टी.चा ड्रायव्हर आठवतो. हा तसा नव्हे. हा दुभाष्या. १९८१ साली आयबीएमचा पीसी निघाला तेव्हा त्याला एक छोटा स्पीकर होता, तो पी-पी वाजायचा. पुढे आवाजासाठी वेगळी कार्डे आली. आता बहुतेक संगणकांत आवाजाची चिप मुख्य पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवर असते. चिपा अनेक कंपन्यांच्या, प्रत्येकीची बोली निराळी. विंडोजचा हुकूम चिपेला समजावून सांगणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. फॉरमॅट मारताना आमचा दुभाष्या पुसला गेला होता. चिप धडधाकट होती, पण तिला कुणी काही सांगतच नव्हते.

ताईने आमच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "शाळेच्या संगणक खोलीत यूएसबीचा हेडफोन आहे. भावाला पाठव." मी सायकलवरून जाऊन घेऊन आलो. यूएसबीच्या हेडफोनची आवाजाची चिप त्याच्या स्वतःजवळच असते, आणि तिचा साधा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. म्हणून तो लावला की बोलतो.

ताईच्या पेनड्राइव्हवर एनव्हीडीए कायम असतो. मी तो चालू केला आणि ताईने हेडफोन कानाला लावला. क्षणभर ती गप्प बसली. मग हसून म्हणाली, "ऊठ आता. खुर्ची दे."

तिथून पुढे सगळे तिने एकटीने केले. एमएसइन्फो३२ असे टाइप करून मदरबोर्डचे नाव काढले. ज्या कंपनीचा मदरबोर्ड, तिच्याच साइटवरून बाबांच्या मोबाइलवर ड्रायव्हर उतरवून घेतला आणि वायरीने संगणकात आणला. तो भरून संगणक बंद-चालू केला. हेडफोनची वायर काढली. स्पीकर बोलू लागला! आजी म्हणाली, "आलं बाई तोंड फुटून!" मी यादी पाहिली, तर पिवळा त्रिकोण गेलेला. त्या रात्री ताई उशिरापर्यंत अभ्यास करत होती. परीक्षेला अजून सहा दिवस होते. ते तिला पुरे मिळाले.

पालक मंडळी भित्तीपत्रक वाचायला येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. संगणक दुकानात देताना मदरबोर्डचे नाव वहीत लिहून ठेवा. घरी नेण्याआधी तिथेच एखादे गाणे वाजवून बघा. ड्रायव्हर घ्यायचा तर कंपनीच्याच साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर फुकट' अशा जाहिरातींच्या नादी लागू नका.

आणि मित्रांनो, दिसत नसलेल्या माणसाच्या घरी यूएसबीचा एक हेडफोन खणात असू द्यावा. आम्ही गुरुजींचा हेडफोन परत केला आणि ताईने खाऊच्या पैशातून नवा घेतला. तो तिच्या टेबलाच्या डाव्या खणात असतो. त्याला आम्ही कुणी हात लावत नाही.

— इयत्ता सातवी