पुराव्यातील मुलगी

रहस्यकथेच्या वाचकाला दोन खोडी असतात. तो शेवटचे पान आधी उघडून पाहतो, आणि तो सनावळी मांडतो. पहिलीबद्दल आम्हांला काही म्हणायचे नाही. ती लहानपणी जडते आणि बहुधा जन्मभर टिकते. दुसरी अधिक विचार करण्याजोगी आहे. कोण केव्हा कुठे होते, अमुक घटना तमुक घटनेच्या आधीची की नंतरची, एकाने सांगितलेला दिवस दुसऱ्याच्या सांगण्याशी जुळतो का, हे कागदावर उतरवून काढणारा वाचक करमणूक तर करून घेतोच. पण त्याचबरोबर तो संहितेची उलटतपासणीही घेत असतो. साहित्याच्या वर्गात आम्ही दोघे वर्षानुवर्षे जे करवून घेऊ पाहतो आणि जे क्वचितच साधते, ते हा वाचक कोणी न सांगता करतो.

हे सारे सुचले ते ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या अमेरिकन मालिकेमुळे, आणि त्याहून अधिक तिच्या चाहत्यांमुळे. पुढे मालिकेच्या दोन पर्वांचे शेवट सांगावे लागतील. ज्यांना ते नको असतील त्यांनी येथेच थांबावे. (पहिल्या खोडीचे वाचक थांबणार नाहीतच.)

पहिले पर्व १२ जानेवारी ते ९ मार्च २०१४ या काळात ‘एचबीओ’ वाहिनीवर आले. भाग अवघे आठ. सगळे लेखन निक पिझोलाटो यांचे, सगळे दिग्दर्शन कॅरी फुकुनागा यांचे. (मालिकांकडे वळण्यापूर्वी पिझोलाटो विद्यापीठांत कथालेखन शिकवीत असत. ही माहिती आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवलेली नाही.) लुइझियाना राज्यात, ३ जानेवारी १९९५ रोजी, उसाच्या फडातल्या एका झाडाखाली डोरा लँग या तरुणीचे प्रेत सापडते, डोक्यावर शिंगांचा मुकुट. मार्टी हार्ट आणि रस्ट कोल हे दोन पोलीस अधिकारी तपास करतात. २००२ साली त्यांचे कायमचे बिनसते. २०१२ साली तशाच धाटणीचा नवा खून उघडकीस येतो, आणि दोन तरुण अधिकारी या दोघांना वेगवेगळे बसवून कॅमेऱ्यासमोर त्यांच्या जबान्या घेतात. आता पोलिसांत नसलेले हे दोघे सतरा वर्षांपूर्वीची हकिगत सांगतात आणि आपण ती पाहतो. काळ तीन, निवेदक दोन, आणि त्यांच्याशी इमान न राखणारा कॅमेरा हा तिसरा.

पाचव्या भागात या रचनेचे मर्म उघडे पडते. संशयित रेगी लडू याच्या अड्ड्यावर कसा जीवघेणा गोळीबार झाला, आपण कसे बचावलो, हे दोघे स्वतंत्रपणे, पण जवळजवळ शब्दाला शब्द जुळवून सांगतात. पडद्यावर मात्र निराळेच घडते. लडूला बेड्या पडलेल्या आहेत. डांबून ठेवलेली मुले मार्टीच्या दृष्टीस पडतात. तो बाहेर येतो आणि बेड्यांतल्या माणसाच्या डोक्यात गोळी घालतो. मग कोल बंदूक उचलून झाडाझुडपांवर गोळ्या झाडतो, जेणेकरून हकिगतीला साजेसा पुरावा मागे राहावा. अविश्वसनीय निवेदक म्हणजे काय, हे समजावण्यासाठी आम्ही आजवर कितीतरी खडू झिजवले. ही दहा मिनिटे ते काम अधिक चांगले करतात.

अशा मालिकेच्या प्रेक्षकाने सनावळी मांडली नाही तरच नवल. दोन भागांच्या मधल्या आठवड्यात चाहत्यांनी तर्कांची नुसती रास रचली. कटामागे जो कोणी ‘पिवळा राजा’ आहे असे ऐकू येते, तो कोण? मार्टी? त्याचा सासरा? की जबानी देता देता बिअरच्या डब्यांची माणसे कापून मांडणारा कोल? ‘पिवळा राजा’ आणि ‘कार्कोसा’ ही नावे रॉबर्ट चेंबर्स यांच्या १८९५ सालच्या कथासंग्रहात येतात हे कळताच ते जुने, विस्मृतीत गेलेले पुस्तक धडाधड खपू लागले. त्याही मागे जाऊन, ‘कार्कोसा’ चेंबर्स यांनी अँब्रोज बिअर्स यांच्या १८८६ सालच्या कथेतून उचलले, असा माग काढणारेही निघाले. साहित्याच्या अध्यापकाने याला नाके मुरडणे म्हणजे शुद्ध असूया. तळटीप वाचण्यासाठी धावणारी माणसे आम्ही प्रथमच पाहत होतो.

हे वेड आजचे नाही, तो आठवडाभराच्या खंडाचा जुना गुण आहे. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः येत होती, पुढच्या अंकात यमूचे काय होणार, याविषयी घराघरांत बोलणी झालीच असणार. तर्कवेडाचा खरा महोत्सव मात्र लंडनमध्ये झाला. चार्ल्स डिकन्स यांची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही रहस्यकादंबरी ९ जून १८७० रोजी लेखकाच्या मृत्यूने अर्ध्यावर राहिली. योजलेल्या बारांपैकी सहाच खंड लिहून झाले होते. एडविनचे काय झाले याचा निकाल लागेना, म्हणून जानेवारी १९१४ मध्ये डिकन्सप्रेमींनी त्याचा काका जॉन जॅस्पर याच्यावर चक्क खटला भरला. न्यायाधीशाच्या खुर्चीत जी. के. चेस्टरटन, ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ! ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला आणि चेस्टरटन यांनी स्वतःखेरीज सगळ्यांना न्यायालयाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरवून टाकले. बरोबर शंभर वर्षांनी, २०१४ च्या जानेवारीत, ‘ट्रू डिटेक्टिव्ह’चा पहिला भाग आला. हा निव्वळ योगायोग आहे. पण सनावळीच्या नादी लागलेल्या माणसाला योगायोग सोडवत नाही.

आम्ही दोघांनी हे पर्व काही वर्षांनी पाहिले, तेव्हा तर्कांची राखही थंड झालेली होती. तरी आमच्यापैकी एकाने आलेखाच्या कागदावर तीन स्तंभ आखलेच. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा चौकटींचा खेळ आहे, याने शोकनाट्याचे शब्दकोडे होते. हा वाद आमच्यात अजून चालू आहे, आणि या लेखातही तो मिटणार नाही.

वादाचे मूळ आहे ऑड्री.

ऑड्री ही मार्टीची थोरली मुलगी. दुसऱ्या भागात तिच्या खोलीत बाहुल्यांची मांडणी दिसते: मध्ये एक विवस्त्र बाहुली, भोवती पुरुष बाहुल्यांचे कडे. पुढे शाळेतून तक्रार येते, तिने वहीत अश्लील चित्रे काढलेली असतात. एका प्रसंगी दोघी बहिणी खेळातल्या मुकुटावरून भांडतात, मुकुट झाडावर भिरकावला जातो, कॅमेरा त्या झाडाकडे वर वळतो आणि खाली येतो तेव्हा साल २००२ असते. झाड, मुकुट, स्त्रीभोवतीचे कडे: डोरा लँगच्या प्रेताची प्रत्येक खूण या घरात येऊन पोहोचली आहे. चाहत्यांनी हे सारे टिपले, आणि अतिशय बारकाईने टिपले. निष्कर्षही उघड होता. या मुलीवर त्या टोळीतल्या कोणाचा तरी हात पडलेला आहे; शेवटच्या भागात गुन्हेगार मार्टीच्याच घरात निघणार.

तसे काही झाले नाही. गुन्हेगार निघाला तो एरल चिल्ड्रेस, तिसऱ्या भागात बंद पडलेल्या शाळेच्या आवारात गवत कापताना दिसलेला माणूस. कोल त्याच्याशी दोन शब्द बोलून निघूनही गेला होता. त्याचा माग लागला तो जुन्या छायाचित्रातल्या एका घराच्या ताज्या हिरव्या रंगावरून; कार्कोसाशी त्या रंगाचा काहीएक संबंध नाही. ज्या बड्या घराण्याकडे सगळे धागे जात होते, ते सहीसलामत सुटले. ऑड्रीबद्दल शेवटपर्यंत एक अक्षरही नाही. चाहते चिडले. लेखकाने इतके पेरून ठेवले आणि कापणी केली नाही, म्हणजे फसवणूकच, असे अनेकांचे मत पडले.

हे पर्व आम्ही एम. ए.च्या मुलांना निवेदनाच्या अभ्यासासाठी दाखवले, तेव्हा वर्गातही हाच सूर निघाला. एका विद्यार्थ्याने फळ्यावर ऑड्रीचा तक्ता मांडला: बाहुल्या, चित्रे, मुकुट, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी मोटारीत दोन मुलांसोबत सापडणे, मार्टीची तिला बसलेली थप्पड. तक्ता निर्दोष होता. मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पण तिच्या वडिलांनीही हेच केलं ना? पुरावा म्हणून बघितलं की रागावले, आणि पुरावा वाटला नाही तेव्हा बघितलंच नाही.”

वर्ग क्षणभर गप्प झाला. आम्ही दोघे त्या दिवशी तिथे होतो, आणि परतताना जिन्यावर आमच्यात नेहमीचा वाद झाला नाही.

कारण ती म्हणत होती ते खरे होते. मार्टी दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींच्या प्रेतांवरच्या खुणा वाचत फिरतो. त्याच खुणा घरात, जमिनीवर, बाहुल्यांच्या रूपात पडलेल्या असतात, तेव्हा तो दारातून आत डोकावतो आणि निघून जातो. चित्रांबद्दल चौकशी होते, पण ती दटावणीच्या सुरात. ऑड्रीला नेमके काय झाले हे आपल्याला कळत नाही, कारण ते कळून घेण्याची कोणाची तयारी नव्हती. आणि ज्यांनी तिच्याकडे निरखून पाहिले त्या चाहत्यांना ती हवी होती ती तिच्या बापाला किंवा आजोबाला पकडण्यासाठी. लेखकाने कापणी केली नाही, असे आम्हांला वाटत नाही. तिला टोळीशी जोडून दिले असते तर तिचे दुःख सुटले असते, म्हणजे गणित सुटते तसे. मग ते एका खलनायकाच्या खात्यावर जमा झाले असते आणि मार्टीचे घर मोकळे झाले असते.

तर्क करणे मुळातच हीन आहे, असे यावरून कोणी म्हणू नये. आलेखाचा कागद बाळगणाऱ्या आमच्यापैकी एकाचा हा आग्रह आहे आणि दुसऱ्यालाही तो मान्य करावा लागतो. मराठीत याचे थोर उदाहरण घरातच आहे. ‘युगान्त’मध्ये (१९६७) इरावती कर्वे युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा काय, असा प्रश्न उभा करतात. नियोगाची रीत, विदुराचे धर्माशी असलेले एकत्व, अखेरीस योगबळाने त्याने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करणे, अशा संहितेतल्याच खुणा त्या जुळवतात. कोणत्याही चाहत्याला हेवा वाटावा असा हा तर्क आहे. पण तो वाचल्यावर मनात राहतो तो विदुर: सूत म्हणून दूर ठेवलेला, सारे जाणणारा, आणि हे नाते खरे असेल तर स्वतःच्या मुलाला कधीच ‘माझा’ म्हणू न शकलेला. तर्काने तेथे माणूस वाढतो. ऑड्रीच्या बाबतीत तो घटत गेला. दोन्हीकडे पद्धत एकच आहे, म्हणून तर भेद सांगणे अवघड जाते. परीक्षेत यावर प्रश्न काढता येत नाही.

तिसरे पर्व १३ जानेवारी ते २४ फेब्रुवारी २०१९ मध्ये आले, तेव्हा आमचे काही विद्यार्थी ते भागागणिक पाहत होते आणि दर सोमवारी कँटीनमध्ये तावातावाने बोलत होते. (दुसऱ्या पर्वाबद्दल न बोलणेच बरे.) स्थळ आर्कान्सा राज्य, काळ पुन्हा तीन, १९८०, १९९० आणि २०१५. ७ नोव्हेंबर १९८० रोजी विल आणि ज्यूली पर्सेल ही भावंडे नाहीशी होतात. तपास अधिकारी वेन हेज याला ती तारीख पक्की आठवते, कारण त्याच दिवशी अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन वारले. २०१५ मध्ये मात्र हेज सत्तरीचा झालेला आहे आणि त्याची स्मृती जाऊ लागली आहे. सनावळी मांडणाऱ्यांसाठी याहून क्रूर नायक कोणता असेल?

यात चाहत्यांचे प्रतिबिंबही आहे. एक माहितीपटकर्ती हेजची मुलाखत घेताना संगणकावर जुनी बातमी दाखवते. तिच्यात कोल आणि मार्टी यांची छायाचित्रे असतात. हे सारे एकाच मोठ्या टोळीचे काम, असा तिचा तर्क. आमची मुले त्या सोमवारी आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. मालिकेने तो तर्क शांतपणे मोडीत काढला. विलचा मृत्यू म्हणजे झटापटीतला अपघात; ज्यूलीला नेले ते स्वतःची मुलगी गमावून भ्रमिष्ट झालेल्या एका श्रीमंत बाईने.

उत्तराकडे नेते ती हेजची दिवंगत पत्नी अमेलिया. ती शाळेत साहित्य शिकवीत असे, विल तिच्या वर्गात होता, आणि पुढे तिने या प्रकरणावर पुस्तक लिहिले. म्हातारा हेज ते पुस्तक वाचत असताना ती भासरूपाने समोर येते आणि म्हणते, ज्यूली मेलीच नसेल तर? मठातल्या जोगिणींनी तिच्या रक्षणासाठी तशी बतावणी केली असेल तर? लहानपणी तिच्यावर जीव असलेला मुलगा तिला पुन्हा भेटला असेल तर? तर्कांची ही साखळी आमच्या मते मालिकेतली सर्वांत सुंदर आहे, आणि ती एका शिक्षिकेच्या तोंडी आहे याचा आम्हांला झालेला आनंद येथे नमूद करतो.

हेज पत्ता मिळवतो, एकटाच मोटार हाकत तेथे पोहोचतो. अंगणात एक स्त्री बागकाम करते आहे, जवळ तिची लहान मुलगी आहे. आणि नेमक्या त्या क्षणी आपण येथे का आलो, हेच तो विसरतो. ती विचारते, काही मदत हवी आहे का? तो ओळख न पटलेल्या नजरेने तिच्याकडे पाहतो. मुलगा त्याला न्यायला येतो. पत्त्याची चिठ्ठी मुलाच्या हाती पडते, आणि तो ती टाकून न देता खिशात ठेवतो. हा मुलगाही पोलिसात आहे.

त्यानंतरच्या सोमवारी कँटीनमध्ये टोळीचे नाव कोणी काढले नाही. चिठ्ठीचे तो काय करील, यावर दोन तट पडले होते. अर्ध्यांचे म्हणणे, तो पोलीस आहे, शोधून काढीलच. उरलेले म्हणत होते की तिच्या अंगणात पुन्हा कोणी जाऊ नये. चहा गार झाला, तासाची घंटा झाली, तरी कोणी उठेना. आम्हीही उठलो नाही.